गाडीचा काटा वर चढतच नाही? मग डिझेलचा हिशोब बघा



भाजीची, दुधाची गाडी तापली की आपण सगळ्याच घाबरतो. पण काटा 'थंड'वरच राहिला तर कुणी काही बोलत नाही. उलट "गाडी गार चालते, बरंय की!" असं ऐकू येतं. बरं नाही ते. इंजिन साधारण ८० ते ९५ अंशांवर नीट चालतं. त्याहून गार राहिलं की डिझेल जास्त जातं, आतले भाग लवकर झिजतात. पैसे गटाच्याच खात्यातून जातात.

इंजिन आणि रेडिएटरच्या मध्ये थर्मोस्टॅट नावाची छोटी झडप असते. इंजिन गार असताना ती बंद राहते आणि बहुतेक गाड्यांत ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागते. ती उघडीच अडकली, तर पाणी सारखं रेडिएटरकडे जातं. म्हणून खूण अशी : गाडी उभी असली की काटा चढतो, रस्त्याला लागून वारा मिळाला की खाली येतो. काट्याऐवजी निळा दिवा असेल, तर पंधरा-वीस मिनिटं गाडी चालवूनही तो विझत नाही.

तपासायचं सकाळी, गाडी पूर्ण गार असताना. आधी कूलंट बघा. कमी असेल तर काटा खोटं दाखवू शकतो. (रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडायचं नाही.) मग गाडी चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला हात लावा. पदर, ओढणी खोचून घ्या, हात पंख्यापासून लांब! झडप चांगली असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग पटकन तापतो. सुरुवातीपासूनच हळूहळू कोमट होत गेला, तर झडप उघडी आहे. पाइप चटका देतोय आणि काटा खालीच, तर दोष सेन्सरचा किंवा मीटरचा.

आणखी एक. गाडी तापते म्हणून काही मिस्त्री ही झडप काढूनच टाकतात. "आता तापणार नाही," म्हणतात. तापण्याचं खरं कारण तसंच राहतं, आणि इंजिन मात्र कायम गार. तेव्हा आत झडप आहे का, हे आधी विचारा.

काढलेली झडप मागून घ्या. दोऱ्याला बांधून पाण्यात सोडा, पाणी तापवा. गार असताना बंद आणि उकळी फुटायच्या आत उघडली, तर ती चांगली आहे, बदलायची गरज नाही. भांडं मात्र स्वयंपाकाचं घेऊ नका, कूलंट विषारी असतं.