गोरेपणाचे मोल

विद्यार्थिनींनो, येळ्ळूरच्या शिवारात भाताची लावणी करणाऱ्या आपल्या आयाबहिणींची त्वचा उन्हाने रापते, हे आपण नित्य पाहतो. रापलेली त्वचा आपले कामच करीत असते. तिच्यातील मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य सूर्याच्या अतिनील किरणांपासून शरीराचे रक्षण करते. परंतु लग्न जुळविताना सावळ्या मुलीला नावे ठेवली जातात, आणि मग गोरे करणाऱ्या मलमाची डबी घरात येते.

अशा काही मलमांत पारा असतो. त्यामुळे मेलॅनिन तयार होण्यास अडथळा येतो व चेहरा काही काळ उजळतो. पण तोच पारा त्वचेतून रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा करतो. अकोल्यातील एक आई व तिच्या दोन मुली यांना असाच विकार जडल्याचे २०२३ साली उघडकीस आले. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात तपास झाला, तेव्हा तिघींच्या वापरातील मलमात पारा आढळला.

दुसरा धोका स्टिरॉइडचा. त्याने त्वचा पातळ होते, चेहरा लाल पडतो, लव वाढते. म्हणूनच २०१८ साली सरकारने अशी १४ मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मनाई केली.

यास्तव ज्या डबीवर निर्मात्याचे नाव, घटक व परवाना क्रमांक नाही, ती घेऊ नये. मलम लावणाऱ्या स्त्रीच्या पायांवर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर डबी बरोबर घेऊन तिने त्वरित डॉक्टरांकडे जावे.

आणि पालकहो, आपल्या मुलासाठी स्थळ पाहताना ‘मुलगी गोरी हवी’ हे शब्द उच्चारू नका. ती डबी त्या शब्दांमागूनच घरात येते.