आधी घरात सांगा

नोकरी गेली की माणूस सगळ्यात आधी पैशांचा विचार करत असेल, असं बाहेरून वाटतं. आमच्या घरात पहिला विचार आला तो लोकांना काय सांगायचं याचा. किराणा, हप्ता, मुलाची फी हे सगळं दुसऱ्या दिवशी आठवलं. पैशाची चिंता खरीच असते, पण तिचा हिशेब मांडता येतो. लाजेचा मांडता येत नाही. करोनाच्या त्या दीड-दोन वर्षांत माझ्या आजूबाजूची जी घरं खचली, त्यातली बरीचशी मी लाजेपायी खचताना पाहिली. म्हणून हे लिहिते आहे.

मी पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये क्वालिटीला होते. गाड्यांना लागणारे सुटे भाग आमच्याकडे तयार व्हायचे, माप तपासून माल पुढे सोडायचं काम माझं. मंदी करोनाच्या आधीपासूनच होती. 2019मध्ये गाड्यांचा खप घसरला होता, मोठ्या कंपन्या मधूनमधून काम बंद ठेवत होत्या. 1 एप्रिल 2020पासून प्रदूषणाच्या नव्या नियमांची बीएस-6 इंजिनं सक्तीची होणार होती, त्यामुळे जुन्या मॉडेलच्या ऑर्डरी आटत चालल्या होत्या. त्यातच 24 मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. त्या एप्रिलमध्ये मारुतीसारख्या कंपनीचीसुद्धा देशात एक गाडी विकली गेली नाही. वर गाडी विकली जात नाही, तेव्हा खाली आमच्यासारख्यांच्या मशीनवर माल चढत नाही.

ह्यांची शाळेची व्हॅन होती. शाळा मार्चच्या मध्यावरच बंद झाल्या. पालकांनी पैसे थांबवले. त्यांना तरी दोष कसा द्यायचा, त्यांचेही पगार कापले गेले होते. म्हणजे आमच्या घरात माझा 19,000 रुपये पगार तेवढा उरला होता, आणि जूनमध्ये तोही गेला.

वर्कशॉपच्या ऑफिसात बोलावून घेतलं, खुर्ची दिली, चहा दिला आणि पुढे टाइप केलेला कागद ठेवला. वर लिहिलं होतं, 'वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे.' आमच्या लाइनवरच्या एका जुन्या काकांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "पोरी, सही तिथं करायची नाही. घरी वाचून देते म्हणायचं." मी तेच म्हटलं. हे सगळ्यांना सांगावंसं वाटतं. त्या खोलीत माणूस इतका ओशाळलेला असतो की लवकर सही करून बाहेर पडलं तर बरं, असं होतं. पण आपण राजीनामा दिला की कंपनीनं काढल्याचा पुरावाच राहत नाही. मग नुकसानभरपाई कुणाकडे मागणार? त्या वेळच्या औद्योगिक विवाद कायद्यात कपात झालेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, आणि सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार अशी तरतूद होती. शांतपणे म्हणावं, मला कमी करत असाल तर तसं पत्र द्या. आवाज चढवायची गरज नसते. पत्र मिळेपर्यंत मला दोनदा कामगार उपायुक्त कार्यालयाचं नाव काढावं लागलं, पण मिळालं.

कागद पुढे आला त्या रात्री आमच्याकडे ज्या गोष्टीनं सर्वांत जास्त आधार दिला ती अगदी साधी होती. सासूबाई, हे, आठवीतला मुलगा आणि मी एकत्र बसलो आणि मी सांगितलं, काम गेलं. मुलासमोर नको, असं ह्यांचं म्हणणं होतं. पण मुलांना सगळं कळत असतं. कळत नाही ते एवढंच, की यात आपला काही दोष आहे का. आई-बाबा कुजबुजतात, आपण आल्यावर गप्प होतात, यावरून तो जे काही मनात रचेल ते खऱ्यापेक्षा वाईट असतं. त्याला एवढंच सांगितलं: पैसे कमी आहेत, शाळा सुटणार नाही, तुझ्या वर्गासाठी एकच मोबाइल आहे म्हणून वेळा ठरवू. तो म्हणाला, "क्लास नको, दुपारी गेम तेवढा राहू दे." सासूबाई हसल्या, आणि त्या हसल्यावर आम्हा सगळ्यांना जेवण गेलं.

आमच्याच सोसायटीत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ रोज सकाळी लॅपटॉप उघडून बसायचे. काम घरून चालू आहे, असं घरच्यांना वाटत होतं. नोकरी जाऊन बरेच महिने झाले होते. पत्नीला कळलं ते बँकेच्या फोनवरून. त्या वहिनी मला म्हणाल्या, नोकरी गेल्याचं काही नाही हो, पण इतके दिवस हे एकटे कसे राहिले असतील? लपवणाऱ्याला वाटतं आपण घरच्यांना जपतोय. घरच्यांना मात्र ते उशिरा कळतं तेव्हा त्यातला परकेपणा लागतो. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा. नीट शब्द सुचले नाहीत तरी सांगा.

दुसऱ्या दिवशी वही काढली. एका बाजूला येणारं, एका बाजूला जाणारं. भीती जोवर मनात असते तोवर तिला आकार नसतो. वहीत उतरल्यावर तिचा आकडा होतो. आमचा आकडा वाईट होता, पण आम्ही तो चौघांनी पाहिला होता.

येणाऱ्या बाजूला काय काय लिहिता येतं हे बहुतेकांना माहीत नसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी हा हक्क आहे. हिशेब असा: मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 13,000 असेल तर त्याला 26नं भागायचं, 15नं गुणायचं, म्हणजे 7,500. नऊ वर्षं सेवा असेल तर 67,500. भविष्य निर्वाह निधीतून करोनासाठी खास उचल घ्यायची सोय मार्च 2020च्या अखेरीस झाली होती: तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता, किंवा जमा रकमेच्या 75 टक्के, यातलं जे कमी असेल ते. परत भरायची नव्हती. आणि पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर 'अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना' होती. तिच्यात ऑगस्ट 2020मध्ये मदत सरासरी पगाराच्या 25 टक्क्यांवरून 50 टक्क्यांवर नेली गेली, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी. माझ्या पगाराला ते साधारण 28,500 झाले. ही योजना आमच्या वर्कशॉपमधल्या कित्येकांनी ऐकलीही नव्हती. ज्यांनी ऐकली होती त्यातले काही गेले नाहीत. 'बेकार म्हणून अर्ज' हे शब्द त्यांना सहन होईनात. आपल्याच पगारातून कापलेल्या पैशांतला वाटा घ्यायला संकोच कसला? नियम बदलत राहतात, तेव्हा ईएसआयच्या शाखा कार्यालयात स्वतः जाऊन आजचा नियम विचारा.

जाणाऱ्या बाजूला घराचा हप्ता होता. रिझर्व्ह बँकेनं आधी मे अखेरपर्यंत आणि मग 31 ऑगस्ट 2020पर्यंत हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली. पुष्कळांना वाटलं हप्ता माफ झाला. तसं नव्हतं, व्याज चालूच होतं. 15 लाख बाकी आणि साडेआठ टक्के दर असेल तर तीन महिन्यांचं व्याज सुमारे 32,000 होतं आणि ते मुद्दलात जाऊन बसतं. तरीही आम्ही ती मुभा घेतली, कारण तेव्हा किराणा जास्त महत्त्वाचा होता. संकटात महाग पर्यायही निवडावा लागतो. तो कळून-सवरून निवडला की पुढे त्याची टोचणी राहत नाही.

सासूबाईंनी पाटल्या काढून दिल्या. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सोनं तोळ्याला 55,000च्या वर गेलं होतं, त्यामुळे तारण कर्ज बरं मिळालं. त्यांच्या हातांकडे बघवत नव्हतं. त्या म्हणाल्या, "अगं, वेळेला उपयोगी पडायलाच केल्या होत्या." दागिन्यात बायकांचं मन किती गुंतलेलं असतं ते मला माहीत आहे, पण मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपपेक्षा तो गहाण टाकणं लाखपटीनं बरं. शेजारच्या एका मुलानं अ‍ॅपवरून सात दिवसांसाठी पैसे घेतले. अ‍ॅप टाकतानाच त्याच्या फोनमधले सगळे नंबर त्यांच्याकडे गेले होते. हप्ता चुकला आणि त्याच्या मामांना, जुन्या शिक्षकांना, मित्रांच्या घरी शिवीगाळीचे फोन गेले. त्या डिसेंबरात रिझर्व्ह बँकेला अशा अ‍ॅपबद्दल लोकांना सावध करावं लागलं. ही अ‍ॅप लोकलाजेवरच वसुली करतात. नातेवाइकाकडे दहा हजार मागायची लाज वाटते म्हणून तिथे जाऊ नका.

आता जे लिहायला जड जातं ते. मला स्वयंपाकघर होतं. काम गेलं तरी कणीक मळायची होती, पाणी भरायचं होतं, सासूबाईंच्या गोळ्या द्यायच्या होत्या. ह्यांचा दिवस मात्र पूर्ण रिकामा झाला. सकाळी व्हॅन पुसायची आणि मग तिच्यातच बसून राहायचं. पुढे वाचनात आलं की 1930च्या सुमारास ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाच्या गावातली कापडाची गिरणी बंद पडली, जवळजवळ सगळं गाव बेकार झालं आणि मारी याहोदा व तिच्या सहकाऱ्यांनी तिथला अभ्यास केला. वेळच वेळ हाताशी असून वाचनालयातून पुस्तकं नेणं कमी झालं होतं. रस्त्यानं पुरुष सावकाश, थांबत थांबत चालायचे. बायकांना घरकाम असल्यानं त्यांचे पाय तसे मंदावले नव्हते. वाचताना मला व्हॅनमध्ये बसलेले हे दिसले. त्यांना आळस आलेला नव्हता. पगाराबरोबर दिवसाचा आराखडाही जातो, कुणीतरी आपली वाट बघतंय ही भावना जाते, आणि या जाण्याकडे आपलं लक्ष नसतं.

एका रात्री ते म्हणाले, "मी नसतो तर विम्याचे तरी पैसे आले असते तुम्हाला." सहज बोलल्यासारखं. हे वाक्य कुणाच्याही तोंडून आलं तर 'असं अभद्र बोलू नये' म्हणून विषय बंद करू नका. मी दिवा लावला आणि सरळ विचारलं, "अहो, जीव द्यायचा विचार येतो का मनात?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेलं ओझं उतरवायला जागा मिळते. ते खूप वेळ रडले. सकाळी मी दीरांना बोलावून घेतलं, फॅमिली डॉक्टरांना फोन केला, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांशी गाठ घालून दिली. काही महिने गोळ्या चालल्या. झोप सुधारली तशी माणसं ओळखीची वाटू लागली, असं ते म्हणतात. आता मानसिक आरोग्यासाठी 'टेलिमानस'चा 14416 हा क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. झोप उडणं, जेवण सुटणं, बारीकशा कारणावरून चिडणं किंवा अगदीच गप्प होणं हे पंधरवडाभर चाललं तर फोन करा. स्वतःसाठी करा, घरातल्यासाठी करा. जिवाला धोका वाटत असेल तर माणसाला एकटं सोडू नका आणि थेट दवाखान्यात न्या.

ह्यांना खरं सावरलं ते कामानं. दीरांच्या ओळखीनं मंचरकडून भाजी आणायची आणि व्हॅनमधून सोसायट्यांत विकायची, असं सुरू झालं. पहिल्यांदा ते अशा भागात गेले जिथं कुणी ओळखत नव्हतं. मग ज्या मुलांना शाळेत सोडायचे त्यांच्याच गेटवर गेले. एक आजी खाली आल्या आणि म्हणाल्या, "काका, आमच्याकडे सोमवारी येत जा, मी दुसऱ्याकडून घेणार नाही." त्या दिवशी नफा बेताचा झाला, पण सोमवारी कुणीतरी वाट बघणार होतं.

कुणाची नोकरी गेली असेल तर त्याला भेटल्यावर 'मिळालं का कुठे?' विचारू नका. मिळालं असतं तर त्यानंच सांगितलं असतं. 'सगळं ठीक होईल' हेही नको, तुम्हाला तरी कुठे माहीत आहे. काम द्या, निरोप द्या, ओळख द्या. डबा देणार असाल तर आमच्या शेजारच्या काकू द्यायच्या तसा द्या: "आज जास्त झालंय, संपवायला मदत कर."

आणि ज्यांचं काम आज चालू आहे त्यांनी थोडी तयारी करून ठेवावी. नेमणुकीचं पत्र आणि पगाराच्या पावत्या घरी ठेवा. कंपनीच्या मेलवर असतील तर काढून घ्या, कारण कामावरून काढल्या दिवशीच तो मेल बंद होतो. भविष्य निर्वाह निधीच्या खात्याला आधार आणि चालू मोबाइल नंबर जोडलेला आहे का, नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं आहे का, वारसाचं नाव लावलंय का, हे बघा. आमच्या वर्कशॉपमधल्या एका मुलीचे पैसे आडनावातल्या एका अक्षरासाठी अडकून पडले होते. हे सगळं कुठं ठेवलंय ते घरातल्या आणखी एकाला तरी माहीत असू द्या.