एक शब्द, अनेक यंत्रें

खिळ्यांच्या छापखान्यांत जुळाऱ्यानें अक्षरें एकदां जुळविलीं, मुद्रितें तपासून चुका दुरुस्त झाल्या आणि फर्मा यंत्रावर चढला, कीं निघणाऱ्या सर्व प्रती एकसारख्या असत. विल्यम कॅरे यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं बंगालमधील श्रीरामपूर येथें छापलें गेलें. तें ज्यानें ज्यानें हातीं घेतलें, त्यास तींच अक्षरें दिसलीं. संगणकाची गोष्ट निराळी आहे. आपण एका संगणकावरून दुसऱ्यावर मजकूर धाडतों, तेव्हां त्यांत बहुधा अक्षरांचीं चित्रें नसतात, केवळ क्रमांक असतात. वाचणाऱ्याचें यंत्र ते क्रमांक पाहून अक्षरें नव्यानें जुळवितें. म्हणजे आज जितकीं यंत्रें, तितके जुळारी आहेत. हे सर्व जुळारी एक शब्द एकाच रीतीनें जुळवितील, अशी खात्री कशी करून घ्यावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं. आपल्या गांवाचें नांव तळेगांव ढमढेरे. याच जिल्ह्यांत तळेगांव दाभाडेही आहे. म्हणून कोणी विचारल्यास “ढमढेऱ्यांचें तळेगांव” असें सांगावें लागतें. यांतील “ऱ्यां” हें जोडाक्षर नीट पाहावें. मराठींत र आणि य यांचा संयोग दोन प्रकारें लिहितात. “सूर्य” या शब्दांत र डोक्यावर रफार होऊन बसतो. “ढमढेऱ्यांचें” यांत तो य च्या अंगास आडवा चिकटतो. हा भेद केवळ शोभेचा नव्हे. दर्या म्हणजे समुद्र, आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. आचार्यास द्यावयाची दक्षिणा आणि आचाऱ्यास द्यावयाची मजुरी हीं भिन्न आहेत. शेतकऱ्यांचा, गांवकऱ्यांनीं, वाऱ्यानें हे शब्द तर आपल्या नित्याच्या बोलण्यांतले. हिंदींत मात्र या आडव्या र ची गरज पडत नाहीं. यास्तव केवळ हिंदी मजकूर पाहून “देवनागरी ठीक आहे” असा निर्वाळा देणाऱ्याच्या हातून मराठी बिघडण्याचा संभव राहतो.

१९९१ सालीं प्रथम प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या संकेतांत र यास ०९३० आणि ऱ यास ०९३१ असे क्रमांक आहेत. ऱ, पायमोडीचें चिन्ह आणि य असे तीन क्रमांक ओळीनें आले, म्हणजे यंत्रानें “ऱ्य” काढावा असा नियम आहे. परंतु साधा र, पायमोड, एक अदृश्य जोडखूण आणि य या क्रमानेंही तीच आकृति निघते. डोळ्यांस दोन्ही सारखीं. मात्र एका रीतीनें लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीनें शोधूं गेल्यास साधा शोध रिकाम्या हातानें परततो.

आतां जुळाऱ्याचें काम करणारा कार्यक्रम कसा तयार होतो, तें पाहूं. मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहिलेल्या आज्ञांस मूळ संहिता म्हणतात. ती सर्वांस पाहण्यास, बदलण्यास व वांटण्यास मोकळी असेल, तर त्या कार्यक्रमास मुक्तस्रोत म्हणतात. “लोहित” हे टंक पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेकडून आले आणि रेड हॅट कंपनीनें ते २००४ सालीं मुक्त परवान्याखालीं प्रसिद्ध केले. टंकांतील आकृति निवडून जागच्या जागीं बसविणारा “हार्फबझ” हाही मुक्तस्रोतच आहे. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस आणि अँड्रॉइड यांत तो काम करितो.

मूळ संहिता एकच असली, तरी लिनक्स, विंडोज व मॅकओएस या कार्यप्रणालींसाठीं तिचें भाषांतर निरनिराळें करावें लागतें. यास बांधणी म्हणतात. बांधणींत लहान लहान भेद अडवितात. विंडोजमध्यें ओळ संपल्याची खूण बहुधा दोन चिन्हांची असते, लिनक्सवर एकाची. लिनक्सवर रोमन लिपींतील लहान व मोठ्या अक्षरांनीं फाइलींचीं नांवें वेगळीं ठरतात. विंडोजवर सहसा तीं एकच मानिलीं जातात. ॲपलच्या यंत्रांवर दीर्घकाळ चाललेली एचएफएस प्लस ही व्यवस्था तर फाइलीच्या नांवांतील ऱ फोडून र आणि खालचा टिंब असे दोन क्रमांक ठेवीत असे. म्हणून “माझ्या यंत्रावर चालतें” हें कार्यक्रम निर्दोष असल्याचें प्रमाण होऊं शकत नाहीं.

प्रमाण मिळतें तें परीक्षेनें. परीक्षा म्हणजे हे क्रमांक दिले असतां ही आकृति निघाली पाहिजे, असें आधींच लिहून ठेवलेलें उत्तर. संहितेंत कोणीं एक ओळ बदलली, तरी निरनिराळ्या प्रणालींचे संगणक ती आपोआप नव्यानें बांधतात, सर्व परीक्षा घेतात आणि एखादें उत्तर चुकल्यास कळवितात. एकदां सांपडलेल्या दोषाची परीक्षा कायम ठेवितात, म्हणजे तोच दोष पुन्हा शिरकाव करूं शकत नाहीं. हार्फबझचे कर्ते बेहदाद एस्फाहबोद यांनीं सात लाखांवर देवनागरी शब्द आपल्या कार्यक्रमाकडून व विंडोजच्या युनिस्क्राइबकडून जुळवून घेऊन ताडून पाहिले, आणि फरक शंभरांच्या आंत आणिला. परंतु दोघांचीं उत्तरें भिन्न आलीं, तर खरें कोणतें, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. दोन्ही उत्तरें सारखीं आलीं, तरी तीं दोन्ही चुकीचीं असूं शकतात. तो निवाडा ती भाषा लिहिणाऱ्यानेंच करावयाचा.

विद्यार्थिमित्रहो, येथें तुमचा संबंध येतो. बंद कार्यक्रमांत दोष दिसला, तर कर्त्यांस कळवून वाट पाहावी लागते. मुक्तस्रोत कार्यक्रमांत दोष कोणत्या प्रणालींत, कोणत्या आवृत्तींत व कोणत्या टंकांत दिसला, हें नोंदून त्यासोबत बिघडलेला शब्द, त्याचे क्रमांक आणि त्याची योग्य आकृति पाठविणें कोणासही मोकळें आहे; एवढी नोंद झाली, कीं नवी परीक्षा जवळजवळ तयार झाली. त्यास मोठी विद्वत्ता लागत नाहीं. शुद्ध लेखन, चिकाटी आणि पाहिलें तेंच सांगण्याचा प्रामाणिकपणा लागतो. ज्या भाषेचे शब्द परीक्षेच्या यादींत नाहींत, ती भाषा एखाद्या बदलांत बिघडली, तरी धोक्याची घंटा वाजत नाहीं. मराठी शब्द त्या यादींत घालण्याचें काम मराठी लिहिणाऱ्यांचेंच आहे, आणि त्याचा आरंभ आपल्या गांवाच्या नांवापासून करण्यास कांहींच हरकत नाहीं.