आगाऊ रकमेचा ताबा : महाड-पोलादपूरच्या सहल व्यवसायाने पेमेंट सेवा निवडताना

महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील सहल व्यवसायाची घडण एक महामार्ग, दोन-तीन घाट आणि एक गड यांनी ठरवलेली आहे. महाड शहराला रेल्वे नाही. कोकण रेल्वेचे जवळचे स्थानक वीर, आणि तेथून रायगडाचा पायथा, शिवथरघळ किंवा आंबेनळी घाटातून प्रतापगड-महाबळेश्वर गाठायचे तर गाडी ठरवावीच लागते, त्यामुळे येथील व्यवसाय मुख्यतः गाडी, चालक, जेवण आणि मुक्काम यांची आगाऊ नोंदणी घेण्याचा राहिला आहे. नोंदणीचे हंगामही ठरलेले आहेत : चवदार तळ्याच्या 1927 च्या सत्याग्रहाच्या स्मरणार्थ 20 मार्चला येणारा जनसमुदाय, मे महिन्याची सुट्टी, 6 जूनला आणि पुन्हा तिथीप्रमाणे ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर होणारा राज्याभिषेक सोहळा, थंडीतल्या शाळांच्या सहली, आणि अलीकडे वाढलेली पावसाळी पर्यटकांची ये-जा. या बहुतेक प्रसंगी पैसा आधी येतो आणि प्रवास नंतर होतो, आणि या दोहोंच्या मधल्या काळात पाऊस, दरड किंवा प्रशासनाचा बंदी आदेश केव्हाही येऊ शकतो.

पेमेंट सेवा निवडताना हाच मधला काळ सर्वाधिक दुर्लक्षित राहतो, असे या व्यवसायाचे हिशेब जवळून पाहिल्यानंतर प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. सेवा विकायला येणारा प्रतिनिधी दराविषयी बोलतो, व्यावसायिकही दोन कंपन्यांच्या दरांतील पाव टक्क्यावर घासाघीस करतो. पण ग्राहकाने दिलेली रक्कम प्रवासाच्या दिवसापर्यंत कोणाच्या ताब्यात राहणार आणि सहल रद्द झाली तर ती कोणत्या वाटेने, किती दिवसांत परत जाणार, हा प्रश्न करारावर सही होईपर्यंत सहसा विचारलाच जात नाही.

येथे दोन संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. पेमेंट गेटवे म्हणजे ग्राहकाच्या कार्डाची किंवा खात्याची माहिती सुरक्षितपणे बँकेपर्यंत पोहोचवणारी तांत्रिक यंत्रणा. तिच्या हाती पैसा येत नाही. पेमेंट ॲग्रिगेटर मात्र अनेक व्यापाऱ्यांच्या वतीने पैसा स्वीकारतो, तो स्वतःजवळ एकत्र करतो आणि नंतर ज्याचा त्याला वळता करतो. असे वळते करण्यालाच व्यवहारात सेटलमेंट म्हणतात. रिझर्व्ह बँकेने 17 मार्च 2020 रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी बँक नसलेल्या ॲग्रिगेटरला परवाना आवश्यक केला, अर्जाच्या वेळी किमान 15 कोटी आणि पुढे 25 कोटी रुपयांच्या निव्वळ मालमत्तेची अट घातली, आणि व्यापाऱ्यांचा पैसा कंपनीच्या स्वतःच्या पैशात न मिसळता अनुसूचित बँकेतील एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कारणांखेरीज ज्यातून रक्कम काढता येत नाही अशा स्वतंत्र खात्यात, ठेवण्याचे बंधन घातले. परवानाधारक कंपन्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर असते. ती पाहायला पाच मिनिटे लागतात, आणि तरीही ती न पाहता केवळ ओळखीच्या माणसाच्या शब्दावर यंत्र बसवून घेणारे व्यावसायिक महाडच्या बाजारपेठेत कमी नाहीत.

याच तत्त्वांत सेटलमेंटच्या मुदतीविषयी एक तरतूद होती, जी सहल व्यवसायाला थेट लागू पडत होती. वस्तू किंवा सेवा पोहोचवण्याची जबाबदारी व्यापाऱ्याची असेल तर मुदत सेवा पोहोचल्याच्या दिवसापासून मोजता येत होती, आणि परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम राखून ठेवण्याचे करारात ठरले असेल तर ती त्या मुदतीनंतरच्या दिवसापासून मोजता येत होती. किराणा दुकानात सेवा त्याच क्षणी पोहोचते, म्हणून त्या दुकानदाराला दुसऱ्या दिवशी पैसे मिळतात; राज्याभिषेक सोहळ्यासाठी एप्रिलमध्ये घेतलेली नोंदणी मात्र जूनमध्ये पूर्ण होते, आणि करारातील एका ओळीच्या बळावर तो सगळा पैसा तोपर्यंत थांबवला जाऊ शकतो.

कंपन्या असे का करतात, याचे कारण अगदीच गैर नाही. जेट एअरवेजची उड्डाणे 17 एप्रिल 2019 रोजी थांबली, गो फर्स्टची 3 मे 2023 रोजी थांबली, आणि दोन्ही वेळी पैसे भरूनही प्रवास न मिळालेले ग्राहक साहजिकच तिकीट काढून देणाऱ्या एजंटाकडे आणि आपल्या बँकेकडे वळले. आगाऊ पैसा घेणारा प्रत्येक व्यवसाय बँकांच्या दृष्टीने या कारणाने जोखमीचा ठरतो. म्हणून काही करारांत राखीव रकमेचे कलम असते, ज्यान्वये प्रत्येक व्यवहाराचा ठरावीक हिस्सा काही महिने कंपनीकडेच राहतो.

पोलादपुरातील एका व्यावसायिकाच्या बाबतीत, ज्याचे कागद लेखकाने स्वतः पाहिले होते, हे कलम नव्हते. होते ते केवळ ‘असाधारण व्यवहार आढळल्यास तपासणीसाठी रक्कम रोखण्याचा अधिकार’ असे एक साधेसुधे वाक्य. वर्षभर तुरळक व्यवहार होणाऱ्या खात्यात राज्याभिषेकाच्या आधी गटांच्या आगाऊ रकमा एकदम आल्या, संगणकाला हा चढ संशयास्पद वाटला, आणि पैसा थांबला. ग्राहकांच्या फोनवर रक्कम भरल्याचे संदेश होते, व्यावसायिकाच्या फोनवर ती मिळाल्याचे संदेश होते, पण बँक खात्यात काहीच नव्हते; गाड्या मात्र ठरलेल्या दिवशी सोडाव्या लागल्या आणि डिझेल, चालकांचा भत्ता व जेवणाचा खर्च पतसंस्थेतून उचल घेऊन भागवावा लागला. कंपनीच्या मदत क्रमांकावर प्रत्येक वेळी नवा आवाज आणि तीच कागदपत्रांची मागणी. पैसा शेवटी मिळाला, परंतु हंगाम संपल्यावर, आणि उचलीचे व्याज वजा जाता त्या सहलींत उरले फारच थोडे.

यावरून निघणारा उपाय असा की खाते उघडतानाच हंगामाचे कोष्टक कंपनीला लेखी द्यावे : कोणत्या महिन्यात साधारण किती नोंदणी होते, एका गटाची रक्कम किती असते, प्रवासाआधी किती दिवस पैसे घेतले जातात. त्याचबरोबर व्यवसायाचा खरा प्रवर्ग नोंदवावा. प्रत्येक व्यापाऱ्याला चार आकडी प्रवर्ग क्रमांक दिला जातो आणि सहल संस्थांसाठी तो 4722 आहे; दर कमी लागेल किंवा चौकशी कमी होईल म्हणून किरकोळ दुकानाचा प्रवर्ग सुचवणारे दलाल भेटतात, पण लाखाच्या गट-नोंदणीत ती विसंगती पहिल्यांदा उघडी पडते. शिवाय सप्टेंबर 2025 पासून पडताळणी झालेल्या व्यापाऱ्यांना प्रवास या वर्गात यूपीआयवरून एका व्यवहारात 5 लाख रुपयांपर्यंत घेता येतात, तो लाभ चुकीच्या प्रवर्गात मिळत नाही.

दराचा हिशेबही एकदा नीट मांडावा. यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क 1 जानेवारी 2020 पासून शून्य आहे. क्रेडिट कार्डावर ते द्यावे लागते. समजा दर 2 टक्के आहे आणि नोंदणी 40,000 रुपयांची आहे, तर शुल्क 800 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 144 रुपये, एकूण 944 रुपये कापले जातात. सहल आयोजक 5 टक्के दराने कर भरत असेल तर त्या 144 रुपयांची वजावटही त्याला मिळत नाही. सहल रद्द होऊन ग्राहकाला पूर्ण 40,000 परत करावे लागले, तर हे 944 रुपये कंपनी परत देते की नाही, हा प्रश्न दरापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण येथे सहली रद्द होतातच. जुलै 2021 च्या पुराने महाड शहर पाण्याखाली गेले, तळिये गावावर दरड कोसळली आणि आंबेनळी घाट खचून बंद झाला. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवला जाणे तर नित्याचे झाले आहे. जुलै 2024 मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून पाण्याचे लोट वाहिल्यावर गड काही काळ पर्यटकांसाठी बंद करण्यात आला.

अशा वेळी परतावा मूळ मार्गानेच, म्हणजे ज्या कार्डावरून किंवा खात्यातून पैसा आला तेथेच, पाठवावा. ग्राहक घाई करतो म्हणून दुसऱ्या क्रमांकावर यूपीआयने रक्कम पाठवल्यास मूळ व्यवहार कागदावर उघडाच राहतो, आणि त्याच ग्राहकाने पुढे बँकेकडे तक्रार केली तर रक्कम दुसऱ्यांदा जाते. कार्डधारकाच्या तक्रारीवरून बँकेने व्यापाऱ्याकडून रक्कम परत ओढून घेणे याला चार्जबॅक म्हणतात. त्याची मुदत साधारण 120 दिवसांची असते, आणि सेवा न मिळाल्याची तक्रार असेल तर ती पैसे भरल्यापासून नव्हे, प्रवासाच्या ठरलेल्या तारखेपासून मोजली जाते. उत्तर द्यायला व्यापाऱ्याला मोजकेच दिवस मिळतात. म्हणून रद्द करण्याच्या अटी मराठीत, नोंदणीच्या वेळीच ग्राहकाला पाठवाव्यात, त्यांत घाटबंदी व गडबंदीचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि प्रवाशांची यादी, गाडीचा क्रमांक व ग्राहकाची संमती हे सर्व जपून ठेवावे.

यूपीआयला शुल्क नाही म्हणून तेवढ्यावरच भागवावे, असा सूर रायगडाच्या पायथ्याच्या पाचाडपासून पोलादपूरपर्यंतच्या पट्ट्यात ऐकू येतो आणि लहान घरगुती निवासांच्या बाबतीत तो बराचसा योग्यही आहे. अट एवढीच की क्यूआर कोड घरातील कोणाच्या बचत खात्याचा नसावा. अनोळखी माणसाने फसवणुकीतून मिळवलेला पैसा मुक्कामाचे बिल म्हणून दिला आणि मूळ बळीने सायबर फसवणुकीच्या 1930 या मदत क्रमांकावर तक्रार केली, तर पैशाचा माग घेत बँक त्या खात्यातील रक्कम गोठवू शकते. घरखर्च, मुलांची फी आणि व्यवसाय एकाच खात्यात असतील तर सगळेच एकदम थांबते. वसुलीचे चालू खाते वेगळे असावे आणि त्यातील रक्कम रोजच्या रोज दुसरीकडे हलवावी.

घाटात रेंज गेल्यामुळे ग्राहकाच्या खात्यातून पैसे वजा झाले पण व्यापाऱ्याला पोच मिळाली नाही, असा प्रसंग हमखास येतो. सप्टेंबर 2019 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप ग्राहकाकडे परतली पाहिजे, अन्यथा दर दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. हे माहीत असले तर रायगडाच्या रोपवेच्या पायथ्याशी रांगेत उभे राहून होणारी भांडणे टळतात.

एकाच कंपनीवर विसंबणे मात्र धोक्याचे आहे. पेटीएम पेमेंट्स बँकेवर 31 जानेवारी 2024 रोजी निर्बंध आले तेव्हा त्या बँकेत खाते असलेल्या दुकानदारांना 15 मार्चपर्यंत आपले क्यूआर दुसऱ्या बँकेशी जोडून घ्यावे लागले, आणि मार्च हा महाडच्या दृष्टीने गर्दीचाच महिना. दुसरी सेवा सुरू ठेवायला फारसा खर्च येत नाही, परंतु तिची कागदपत्रे हंगामाच्या तोंडावर पूर्ण होत नाहीत. गुमास्ता किंवा उद्यम नोंदणी, पॅन, चालू खाते आणि गाड्यांचे परवाने यांची पडताळणी दिवाळीनंतरच्या निवांत आठवड्यांत उरकून, स्वतःच्याच कार्डावरून लहानशी नोंदणी करावी, ती रद्द करावी आणि परतावा किती दिवसांत येतो, शुल्क किती कापले जाते, हे पाहावे. जुन्या कंपनीशी करार संपवताना राखीव रक्कम किती दिवसांनी सुटेल याचे कलम त्याच वेळी वाचावे, कारण काही करारांत ती मुदत खाते बंद झाल्यापासून सहा महिन्यांची असते आणि त्या काळात आलेले चार्जबॅक त्याच रकमेतून वजा होतात.