पायांतील शिरा व रक्ताची गुठळी

क्रांती चौकांत शिवछत्रपतींच्या पुतळ्यापाशीं वाहतूक सांभाळणारा पोलीस आम्ही नित्य पाहतों. तासन् तास उभ्या असलेल्या त्याच्या पायांतील रक्त हृदयाकडे वर कसें चढतें? पाय हलले म्हणजे पोटरीचे स्नायू शिरा दाबून तें वर लोटतात, आणि शिरांतील झडपा तें मागें फिरूं देत नाहींत. झडपांचें हें कार्य हार्वी या इंग्रज वैद्यानें १६२८ सालीं प्रसिद्ध केलें.

झडपा सैल झाल्या, अथवा पाय फार वेळ निश्चल राहिले, कीं रक्त तुंबतें. कातडीखालीं फुगलेल्या शिरा बहुधा त्रासच देतात. खरें भय खोल शिरेंत धरणाऱ्या गुठळीचें. एकच पाय अकस्मात् सुजून दुखूं लागला, तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावा. तेल लावून चोळण्याची आपली घरगुती रीत येथें घातक ठरूं शकते. कारण गुठळी सुटून फुप्फुसांत अडकली, तर प्राणावर बेततें.