डेंग्यूच्या लशीला इतका वेळ का लागतो?



परळी वैजनाथ परिसरातल्या तांड्यांसाठी मदत पाठवणारे विचारतात, "करोनाची लस वर्षभरात आली, मग डेंग्यूची का रखडली?" प्रश्न रास्त आहे.

डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे आहेत. एका प्रकाराचा ताप येऊन गेला की त्याच प्रकारापासून दीर्घकाळ संरक्षण मिळते. पुढे दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर रक्तातली जुनी प्रतिपिंडे त्या विषाणूला अर्धवट चिकटतात. मारत तर नाहीतच, उलट पेशीत शिरायला वाट करून देतात. म्हणून दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू गंभीर होण्याचा धोका अधिक असतो. कच्ची लसही हेच करू शकते. फिलिपाइन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांहून अधिक मुलांना लस टोचली. नोव्हेंबर २०१७ मध्ये उत्पादकांनीच सांगितले की, ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही त्यांचा आजार या लशीनंतर तीव्र होऊ शकतो. मोहीम थांबली, लोकांचा गोवराच्या लशीवरचा विश्वासही डळमळला, हे नुकसान मला अधिक मोठे वाटते. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये दहा हजारांहून अधिक प्रौढांसाठी आखलेली चाचणी रोहतकपासून सुरू झाली. त्या प्रत्येकावर दोन वर्षे लक्ष ठेवायचे आहे.

चिकुनगुन्याची अडचण निराळी. सोलापूर जिल्ह्यात, बार्शीला, १९७३ मध्ये त्याची मोठी साथ आली. मग तीसेक वर्षे तो जणू नाहीसाच झाला, आणि २००६ मध्ये मराठवाड्यातही सांधे धरलेली माणसे घरोघरी दिसू लागली. अशा लहरी साथीत चाचणी घ्यायची कुठे? अमेरिकेने २०२३ मध्ये एक लस केवळ प्रतिपिंडे मोजून मंजूर केली. गंभीर दुष्परिणामांच्या नोंदींनंतर ऑगस्ट २०२५ मध्ये तिचा परवाना निलंबित केला.

जपानी मेंदूज्वराचे मात्र जमले. कोलारला सापडलेल्या विषाणूपासून, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या सहकार्याने, जेनवॅक ही देशी लस २०१३ मध्ये आली.

तोवर तांड्यावर पाण्याचे पिंप आहेच. डेंग्यू आणि चिकुनगुन्या पसरवणारा एडिस डास साठवणीच्या पाण्यालगत, पिंपाच्या आतल्या भिंतीवर अंडी घालतो. ती कोरड्यातही काही महिने तग धरतात. त्यामुळे नुसते पाणी ओतून भागत नाही. आठवड्यातून एकदा पिंप आतून घासावे, मग भरून घट्ट झाकावे. हा डास दिवसा चावतो, म्हणून तापाच्या रोग्याला दिवसाही मच्छरदाणीतच ठेवावे.