घरीं मिळविलेली विद्या आणि पदवीचा हिशेब

विद्या मिळविणें ही एक गोष्ट आणि ती मिळविली आहे हें विद्यापीठानें मान्य करणें ही दुसरी. पहिलीसाठीं आज फारसें द्रव्य लागत नाहीं. ज्याच्या घरीं मोबाइल व इंटरनेट आहे, त्यास मद्रास येथील आय. आय. टी.च्या प्राध्यापकांचें व्याख्यान आपल्या ओटीवर बसून फुकट ऐकतां येतें. दुसरीचा मार्ग मात्र पुष्कळांस ठाऊक नसतो. एखादा होतकरू मुलगा तीन महिने खपून प्रमाणपत्र मिळवितो, तें महाविद्यालयांत नेऊन दाखवितो आणि "हें आमच्या हिशेबांत धरतां येत नाहीं" असें उत्तर ऐकून हिरमुसला होऊन परततो. असे श्रम वांयां जाऊं नयेत म्हणून हा मार्ग नीट समजून घेऊं या.

यामागील कल्पना मुळींच नवी नाहीं. १८५८ सालीं लंडन विद्यापीठानें आपल्या पदवीपरीक्षा महाविद्यालयांत न गेलेल्यांसही खुल्या केल्या. कोठें शिकलास हें न विचारतां काय येतें एवढेंच तेथें पाहिलें जाऊं लागलें. १८५७ सालीं स्थापन झालेलें आपलें मुंबई विद्यापीठही आरंभीं लंडनच्याच धर्तीवर चालत असे. शिकवावें महाविद्यालयांनीं आणि परीक्षा घ्यावी विद्यापीठानें. शिक्षण व परीक्षा या दोन गोष्टी वेगळ्या करतां येतात, हें तत्त्व त्या काळापासूनचें आहे.

भारत सरकारची "स्वयम्" ही योजना याच तत्त्वावर उभी आहे. ती ९ जुलै २०१७ रोजीं सुरू झाली. तिच्या प्रत्येक अभ्यासक्रमास चार अंगें असतात: चित्रफितींवरील व्याख्यानें, वाचनाचें साहित्य, स्वाध्याय व शंकासमाधानाची चर्चा. हें सर्व विनामूल्य असतें. परीक्षेस बसून प्रमाणपत्र घ्यावयाचें असेल तर मात्र शुल्क भरावें लागतें.

आतां श्रेयांक म्हणजे काय? एखाद्या विषयासाठीं केलेल्या अभ्यासाचें तें माप होय. असे ठराविक श्रेयांक जमले म्हणजे पदवी पुरी होते. आय. आय. टी. व बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनीं चालविलेल्या एन. पी. टी. ई. एल.च्या बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमास सामान्यतः ३, आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमास २ व चार आठवड्यांच्या अभ्यासक्रमास १ श्रेयांक धरतात. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ सालीं असा नियम केला कीं, एका सत्रांतील विषयांपैकीं शेंकडा २० पर्यंत विषय या मार्गानें पुरे करतां यावेत. २०२१ सालीं ही मर्यादा शेंकडा ४० झाली. म्हणजे सत्रांत पांच विषय असल्यास त्यांपैकीं दोन.

परीक्षेचें स्वरूपही ध्यानांत ठेवावें. एन. पी. टी. ई. एल.मध्यें साप्ताहिक स्वाध्यायांस २५ गुण व अखेरच्या परीक्षेस ७५ गुण असतात. ही परीक्षा नेमलेल्या केंद्रांत, पर्यवेक्षकांसमोर बसून द्यावी लागते. प्रमाणपत्रासाठीं स्वाध्यायांत निदान १० आणि परीक्षेंत निदान ३० गुण हवेत. समजा, एकास स्वाध्यायांत २४ व परीक्षेंत २८ मिळाले. बेरीज ५२ झाली, तरी त्यास प्रमाणपत्र नाहीं! घरीं इतरांच्या मदतीनें सोडविलेल्या उदाहरणांवर भिस्त ठेवणाऱ्यानें हा हिशेब विसरूं नये.

प्रमाणपत्र हातीं आलें म्हणून श्रेयांक आपोआप मिळत नाहींत. ते आपल्या महाविद्यालयानें व विद्यापीठानें गुणपत्रिकेंत नोंदवावे लागतात. २०२१ सालीं स्थापन झालेल्या श्रेयांक पेढींत विद्यार्थ्यानें आपलें खातें उघडावयाचें असतें. पण त्यांत श्रेयांक भरण्याचा अधिकार संस्थेचा असतो, विद्यार्थ्याचा नव्हे. तेथें ते अधिकांत अधिक सात वर्षें टिकतात.

तेव्हां क्रम असा असावा. प्रथम महाविद्यालयांत जाऊन, हा विषय माझ्या कोणत्या विषयाऐवजीं धरला जाईल, हें विचारावें व शक्य तर होकार लेखी घ्यावा. मगच नांव नोंदवावें, परीक्षेचा अर्ज मुदतींत भरावा, आणि निकाल लागतांच प्रमाणपत्र महाविद्यालयांत सादर करावें. बुरूज बांधूं पाहणाऱ्या माणसानें आधीं बसून खर्चाचा अंदाज करावा, हा प्रभु येशूचा दृष्टान्त आपण उपासनेच्या वेळीं ऐकला आहे. पाया घालून काम अर्धवट राहिलें तर लोक हंसतात. येथें तर आईबापांच्या कष्टाचा पैसा व मुलाचीं उमेदीचीं वर्षें यांचा प्रश्न आहे.

शाळेंतील मुलांनीं काय करावें? "स्वयम्"वर नववीपासून बारावीपर्यंतचेही अभ्यासक्रम आहेत. त्यांमुळें मंडळाची परीक्षा चुकत नाहीं. परंतु न समजलेला धडा पुन्हां ऐकण्याची सोय होते, आणि कोणी मागें लागलें नसतां नियमानें अभ्यास करण्याची संवय लागते. पुढें महाविद्यालयांत श्रेयांक मिळवावयाचे ते याच संवयीच्या बळावर. फुकट मिळते ती संधि. विद्येचें मोल मात्र ज्याचें त्यानें आपल्या श्रमानेंच चुकतें करावें लागतें.